अर्धा राहिलेला नाच

एका राज्यात एक नाच अर्धा राहिला होता, आणि त्यापायी सगळं राज्यच अर्धं राहिलं होतं. सफरचंदं एका बाजूने लाल होत, दुसऱ्या बाजूने हिरवीच राहत. नदी पुलापर्यंत येई आणि तिथून माघारी फिरे. माणसं दाराशी येत, आणि आत जायचं होतं की बाहेर, हे विसरून उभी राहत. कोणी लांबलचक बोलायला लागलं की पुढचं त्याला सापडत नसे. म्हणून लोक थोडकं बोलत.

त्याचं कारण असं. सफरचंदं उतरवली की राजवाड्याच्या चौकात रिंगणाचा नाच होई. त्या वर्षी राजकन्या इझाबो रिंगणात होती. तिचा उजवा हात रेनारच्या हातात होता. रेनार चामडं कमावणारा. त्याची बोटं कायमची तपकिरी. राजा ओदेरिकने सज्जातून ते पाहिलं. तो खाली आला आणि त्याने तो हात हिसडून सोडवला. नाच थांबला. राजकन्येने रिकामा डावा हात राजाकडे केला आणि ती म्हणाली, "बाबा, हात..."

रिंगणात गुंथिल्दा नावाची म्हातारी होती. ती जादूगारीण होती. ती म्हणाली, "अर्ध्यावर मोडलास. आता अर्ध्यावर राज्य कर." राजकन्या होती तशी, दोन्ही हात पसरून, दगड झाली. नाच सगळ्यांच्या डोक्यातून पुसला गेला.

वर्षं गेली. राजा रोज त्या दगडासमोर उभा राही. हात सोडा, म्हणणार होती? हात लावू नका? त्याला उमगेना. मग दगडाला मनगटाशी भेग पडली आणि वर चढू लागली.

राणी आदेला गुंथिल्देकडे गेली.

"मुलगी कशी सुटेल?"

"नाच पुरा करा. भेग काळजाशी पोचायच्या आत."

"नाच कोणालाच आठवत नाही."

"गाणं साळुंकीकडे आहे. पावलं बुटक्याच्या गुहेत. रिंगण देवळाच्या भिंतीवर. जा."

राणी निघाली. पडक्या मठात नासपतीच्या झाडावर साळुंकी बसली होती. तिने एक ओळ म्हटली आणि थांबली. मान वाकडी करून राणीकडे पाहिलं. राणी गप्प. साळुंकीने पुढची ओळ म्हटली, पुन्हा थांबली.

"बाई, ऐकू येतं ना?"

"येतं."

"मग?"

"मग काय?"

"काही नाही," साळुंकी म्हणाली आणि रागावून राणीच्या खांद्यावर येऊन बसली. राणीला वाटलं, पक्षी म्हातारा आहे, मधलं विसरतो.

बुटक्याच्या गुहेत सोन्याचे ढीग होते. ज्याने सोन्याला हात लावला त्याचा हात सोन्याचा होऊन गळून पडला. असे हात तिथे बरेच पडले होते. कोपऱ्यात झिजलेले जोडे होते. "हे नेते," राणी म्हणाली. बुटका म्हणाला, "न्या. रात्रंदिवस पाय आपटतात." जोडे आपणहून डावीकडे सरकत, मग जागच्या जागी डोलत, पुन्हा सरकत. ते राणीच्या पुढे चालू लागले, तेही तिरके.

देवळाच्या भिंतीवर रिंगण रंगवलेलं होतं. राणीने विचारलं, "तुमचे वाजंत्री कुठे आहेत?"

चित्रातली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. "कसले वाजंत्री?" त्यांतल्या एकीने विचारलं. तिच्या शेजारी मुकुट घातलेला माणूस होता, पलीकडे डुकरं राखणारा. राणी गोंधळली आणि घरी आली.

राजाने चौकात वाजंत्री बोलावले. सनया, ढोल, तंतुवाद्यं. स्वतः सिंहासनावर बसला. दरबारी रिंगणात उभे राहिले, मधे जोडे ठेवले, साळुंकी गाऊ लागली. जोडे निघाले तेव्हा गाणं थांबलं, गाणं निघालं तेव्हा जोडे डोलत राहिले. दरबारी एकमेकांवर आपटले. सनईवाला म्हणाला, ढोल चुकला. ढोलवाला म्हणाला, पक्षी चुकला. प्रधान म्हणाला, जोडेच उलटे आहेत. तिकडे भेग खांद्यावर चढली.

साळुंकीने मान वाकडी करून राणीकडे पाहिलं. तसंच, मठात पाहिलं होतं तसं.

राणी उठली. "वाजंत्र्यांनो, घरी जा."

"मग वाजवणार कोण?" राजाने विचारलं.

"कोणी नाही. पक्षी, म्हण."

साळुंकी म्हणाली, "फांदी वाकली फळांनी." आणि थांबली. त्या थांब्यात राणीने तीच ओळ परत म्हटली. जोडे डावीकडे सरकले. रेनार पुढे आला, मार्गो आली, ती डुकरं राखायची, मग सगळा चौक. पक्षी म्हणे तेव्हा सगळे डोलत, उत्तर देताना सरकत. गाणं नाचणाऱ्यांनीच म्हणायचं होतं.

रेनारने राजकन्येचा उजवा हात धरला. दगड दगडच राहिला. भेग काळजाकडे वळली. डावा हात रिकामा होता.

"महाराज, खाली या," राणी म्हणाली.

"राजा बघतो. नाचत नाही."

"चित्रात मुकुटवाला रिंगणात आहे."

राजाने भेगेकडे पाहिलं. मग उतरला. एका हाताने त्याने दगडाची बोटं धरली. दुसरा हात मार्गोने धरला. तिच्या हाताला डुकरांचा वास होता. राजा उजवीकडे निघाला आणि तिला खेचू लागला.

"डावा पाय, महाराज," मार्गो म्हणाली. "तुमचा डावा. माझा नव्हे."

जोड्यांनी राजाच्या घोट्यावर लाथ मारली. राजा डावीकडे वळला. त्याचा सूर वाईट होता, पण त्याने ओळ म्हटली. रिंगण दगडासकट फिरून पहिल्या जागी आलं, साळुंकी गप्प झाली, आणि राजाच्या हातातली बोटं उबदार झाली.

"...द्या," राजकन्या म्हणाली. "तुमची जागा ठेवली आहे, बाबा."

 राजाने हात सोडला नाही.

नदी पुलाखालून पुढे गेली. सफरचंदं सगळीकडून लाल झाली. दाराशी उभी राहिलेली माणसं, कोणी आत गेली, कोणी बाहेर. त्या राज्यात पूर्वी कोणाला गोष्ट पुरी सांगता येत नसे. आता येते, म्हणून ही शेवटापर्यंत आली.