सात नांगऱ्यांची एक मासोळी

एका राज्यात डोंगर इतके दाटीवाटीने उभे होते, की एका गावचा कोंबडा आरवला की तीन गावं जागी होत. त्या राज्यात तांब्याचं नाणं चाले. नाण्यावर नांगर होता, म्हणून लोक त्याला नांगरी म्हणत. डोंगर संपले की नदी लागे, आणि नदीपल्याड सागराचं राज्य. तिथे नाणं चांदीचं, त्यावर मासा. ती मासोळी.

नदीवर दगडी पूल होता. पुलाच्या बरोबर मधोमध, ना या राजाच्या हद्दीत ना त्या, भिवरा नावाची नाणवटीण बसे. एका राज्याचं नाणं घ्यावं आणि दुसऱ्याचं द्यावं, हे तिच्या घराण्याचं काम. डोंगरातला माणूस मासळी आणायला निघाला, की तिच्यापुढे सात नांगऱ्या ठेवून एक मासोळी घेई. कोळीण तांदूळ आणायला निघाली, की एक मासोळी ठेवून सात नांगऱ्या ओटीत घेई. सातच का, हे कोणी विचारत नसे. सूर्य पूर्वेलाच का उगवतो, हे तरी कोण विचारतं?

भिवराची बैठक लाकडाची होती, मध्ये फुगीर, वर जाड घोंगडी. तिच्यावर बसून सात पिढ्यांच्या कमरा दुखल्या, पण बैठक बदलायची नाही आणि घोंगडी काढायची नाही, असा घराण्याचा दंडक. शेजारी तिचा नवरा सोनबा बसे. तो सागराकडचा, घरजावई होऊन पुलावर आलेला. उजव्या हाताने तो नांगऱ्या मोजी, डाव्या हाताने मासोळ्या. भिवरा बोले आणि सोनबा मोजी, असा त्यांचा सुखाचा संसार.

आणि एक रीत होती. प्रत्येक नाणं वटवण्याआधी नाणवटिणीने ते कपाळाला लावून विचारायचं, "हे नाणं कोणाच्या घरचं?" समोरच्याने म्हणायचं, "दोन्ही घरचं." मगच नाणं मोजणाऱ्याच्या हातात जायचं. या बोलण्याचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. पोपटाने मंत्र म्हणावा तसं लोक ते म्हणत.

एके वर्षी जत्रेचा दिवस आला. पुलावर मुंगीला वाट मिळेना. रांगेत पुढेच देवकू नावाची म्हातारी कोळीण होती, डोक्यावर पाटी, पाटीत सुरमई.

"अगं बाय," ती ओरडली, "घरं काय विचारीत बसलीस? माझी मासळी उन्हात दुसऱ्यांदा मरतेय!"

सगळी रांग हसली. भिवराही हसली. तिने रांगेकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आणि विचारणं सोडून दिलं. सोनबा तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, "भिवरे, घर विचारलं नाहीस." ती म्हणाली, "तुम्ही मोजा हो." त्या दिवशी एवढी नाणी वटली, की तिच्या आजीनेही कधी पाहिली नसतील.

सूर्य कलला आणि सोनबाच्या उजव्या हाताची बोटं तांब्याची झाली. डाव्या हाताची चांदीची झाली.

दुसऱ्या दिवशी मनगटं गेली. भिवराने घाबरून हात चोळले, तर भांड्यावर भांडं आपटल्यासारखा आवाज आला. वैद्य आला, त्याने नाडी शोधली आणि हात टेकले. "बाई, हा रोग नव्हे. उजवीकडून तांबं चढतंय, डावीकडून चांदी. पौर्णिमेच्या सूर्यास्ताला दोन्ही काळजापाशी भेटतील." पौर्णिमेला आठ दिवस होते.

बातमी दोन्ही दरबारांत पोचली. डोंगराच्या राजाने पुलाच्या टोकाशी भाले उभे केले. "आमच्या सात आणि त्यांची एक? म्हणजे आम्ही सातपट हलके? या अपमानानेच शाप लागला. पौर्णिमेपर्यंत दर बदला, नाहीतर पूल पाडू." सागराच्या राजानेही दुसऱ्या टोकाशी भाले उभे केले. दर बदलला तर तोही पूल पाडणार होता. राजांचं असंच असतं. घर एकाचं जळतं आणि शेकत हे बसतात.

भिवराला पुलाचं काही वाटलं नाही. तिला त्या दोन हातांचं वाटलं. सकाळी तिची वेणी घालणारे ते हात होते.

तेवढ्यात तराजूच्या पारड्यात एक भारद्वाज येऊन बसला. लाल डोळा रोखून म्हणाला, "जुन्या टाकसाळीत जा. जोगीण जागी आहे." आणि त्याने आपलं एक तांबूस पीस टाकलं. भिवराने ते केसांत खोवलं, तशी तिची पावलं जमिनीपासून चार बोटं वर चालू लागली.

टाकसाळीत जोगीण राखेच्या ढिगावर बसली होती. दोन्ही राज्यांची पहिली नाणी तिनेच पाडली होती. तिचं वय मोजणारे सगळे मरून गेले होते.

"माई, माझ्या नवऱ्याला कोणी शापलं?"

"कोणी नाही. नाण्याला त्याचं घर विचारलं, की ते घराची आठवण ठेवून पुढे जातं. तू विचारलं नाहीस. ज्याला घर उरलं नाही, ते मिळेल तिथे घर करतं. त्यांनी तुझ्या नवऱ्याच्या हातांत केलं."

भिवराने मान खाली घातली. "उतारा सांगा."

"तीन प्रश्न आहेत. नांगर कोण ओढतं? माशाच्या तोंडात काय आहे? आणि सातच का? उत्तरं शोध, आणि मला नको, पुलावरच्या माणसांना सांग."

"माई, नांगर बैल ओढतात."

"पाहून ये," जोगीण म्हणाली, आणि राखेत पुन्हा झोपली.

पहिल्या प्रश्नासाठी भिवरा डोंगराच्या पोटातल्या तांब्याच्या खाणीत गेली. तिथे पहिल्या नांगऱ्यांचा ढीग होता आणि ढिगावर नाग. भोवती माणसांच्या आकाराचे दगड पडले होते, सगळ्यांच्या मुठी वळलेल्या.

"एक उचल," नाग म्हणाला. "ढीग मोजलास, तर इथेच राहशील."

नाणवटिणीला नाण्यांचा ढीग दाखवून मोजू नको म्हणायचं! तिची जीभ आपोआप वळवळू लागली. 'एक' ओठांवर आलाच होता. मग तिने मनातल्या मनात सोनबाचं नाव घ्यायला सुरुवात केली. सोनबा, सोनबा, सोनबा. त्या नावापुढे आकडा काही सुचेना. तिने डोळे मिटून एक नांगरी उचलली आणि उजेडात आणली.

नाणं कोरं होतं, एकाही हाताने झिजलेलं नव्हतं. त्यावर नांगर होता, पण नांगराला बैल नव्हते. जुवाच्या एका बाजूला खोचलेल्या लुगड्यातली डोंगरातली बाई होती, आणि दुसऱ्या बाजूला सागराकडचा तिकोनी रुमाल कमरेला बांधलेला गडी. दोघं वाकून नांगर ओढत होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोटांनी ही माणसं झिजून गेली होती, नुसता नांगर उरला होता.

"त्या वर्षी साथीत सगळे बैल मेले," नाग म्हणाला. "तुमच्या बायकांनी जू खांद्यावर घेतलं. दुसरी बाजू मोकळी होती. मग हे लोक नदी ओलांडून आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं."

भिवराने नागाला वाकून नमस्कार केला. आपण या नाण्यावरून आयुष्यभर बोटं फिरवली आणि त्या गड्याला एकदाही पाहिलं नाही, याची तिला फार लाज वाटली.

दुसऱ्या प्रश्नासाठी ती समुद्रावर गेली. वाळूत एक कासव बसलं होतं, देवळाएवढं म्हातारं.

"कासवदादा, मासोळीच्या तोंडात काय आहे?"

"नाण्यावर माझं आसू पडलं तर दिसेल. पण मला खोटं ऐकून रडू येत नाही."

भिवरा मासोळी हातात धरून वाळूत बसली. जोगिणीला जे सांगितलं नव्हतं, ते तिने कासवाला सांगितलं. "त्यांनी मला आठवण केली होती. मी म्हटलं, तुम्ही मोजा हो. चूक माझी आणि भोगतायत ते. आणि कासवदादा, नऊ वर्षं ते माझ्याकडे राबतायत. मी त्यांना कधी बरं केलंत असंसुद्धा म्हटलं नाही. घरच्या माणसाला काय म्हणायचं, असं वाटायचं."

कासवाच्या डोळ्यातून मोठं आसू ओघळलं आणि मासोळीवर पडलं. झिजलेली चांदी वर आली. माशाच्या तोंडात भाताची लोंबी होती, आणि लोंबीला सात दाणे.

"बैल मेले त्याच्या पुढच्या साली समुद्र तांबडा झाला," कासव म्हणालं. "मासा दिसेना. कोळ्यांच्या चुली विझल्या. तेव्हा डोंगरातून तांदूळ उतरला. त्यांनाही कोणी बोलावलं नव्हतं."

"आणि दाणे सातच का?"

"ते मला माहीत नाही. मी फक्त पाहिलं आणि रडलो."

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठेच मिळेना. भिवराने पुजाऱ्यांना विचारलं, पिंपळावरच्या वेताळाला विचारलं, आकाशातल्या सप्तर्षींना विचारलं. ऋषी म्हणाले, "आम्ही सात आहोत खरे, पण आमचा यात काही संबंध नाही." भारद्वाजाला विचारलं तर तो पंख साफ करू लागला.

पौर्णिमेच्या दुपारी ती रिकाम्या हाताने पुलावर परतली. दोन्ही टोकांना भाले होते, भाल्यांमागे आपापले राजे आणि माणसांची गर्दी. मधोमध सोनबा बसला होता. तांबं आणि चांदी गळ्याच्या हाडांशी आली होती. तोंड तेवढं त्याचं होतं, आणि त्या तोंडावर हसू होतं.

"आलीस? दमलीस ना?"

भिवरा मटकन बैठकीवर बसली. "दोन मिळाली. तिसरं नाही मिळालं हो."

"असू दे. तू माझ्यासाठी हिंडलीस, हे काय थोडं झालं?" सोनबा म्हणाला. "आणि सरकून बस. ती घोंगडी निसटलीय, लाकूड टोचेल तुला. मी नीट केली असती, पण हात हे असे."

त्याच्या हातांत जीव नव्हता, आणि त्याला तिच्या कमरेची काळजी होती. भिवराच्या डोळ्यांत पाणी आलं. घोंगडी नीट करायला ती उठली, आणि सात पिढ्यांत पहिल्यांदा कोणीतरी भर उन्हात त्या बैठकीकडे पाहिलं.

लाकडाला कडेने खोबणी होत्या. तीन इकडे, तीन तिकडे.

दंडक गेला चुलीत. भिवराने घोंगडी ओढून फेकली, खांदा लावला आणि बैठक उलटी केली. ती होडी होती! पालथी घातलेली जुनी होडी. सहा खोबणी वल्ह्यांच्या आणि सातवी मागे, सुकाणूची. प्रत्येक खोबणीखाली तांब्याचा एक चपटा तुकडा ठोकला होता, आणि त्यावर डोंगरातल्या एकेका घराची खूण कोरली होती: जातं, उंबर, विळा, पहार, पणती, सूप. सातव्यावर चूल होती. चूल ही भिवराच्याच घराण्याची खूण. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

ती पुलाच्या कठड्यावर चढली.

"ऐका!" तिचा आवाज दोन्ही काठांवर गेला. "बैल मेले तेव्हा एक होडी नदी ओलांडून आली. होडीत सात माणसं होती. सात घरांत एकेक गेला आणि जुवाला लागला. पुढच्या साली समुद्र रुसला, तेव्हा त्याच सात घरांनी मिळून ती एक होडी जगवली. म्हणून सात नांगऱ्यांची एक मासोळी! यात कोणी हलका नाही, कोणी भारी नाही. सात घरं आणि एक होडी, एवढंच आहे. आपल्या आज्यांनी हे आभार नाण्यांवर कोरून ठेवले होते. आपण ते खर्चत राहिलो आणि वाचले कधीच नाहीत."

 मग डोंगराच्या राजाच्या एका भालाईताने भाला खाली ठेवला. त्याच्या घराची खूण पहार होती. राजाने त्याच्याकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, आणि मान लववून म्हणाला, "दर तोच राहील." पलीकडून सागराच्या राजाने छातीला हात लावला.

सूर्य मात्र थांबला नव्हता. तांबं आणि चांदी यांत आता बोटभर अंतर होतं.

गर्दीतून देवकू पुढे आली. डोक्यावर पाटी नव्हती, हातात एक मासोळी होती.  "घे गं बाय. विचार मला. हवा तेवढा वेळ घे."

भिवराने नाणं कपाळाला लावलं. "हे नाणं कोणाच्या घरचं?"

"दोन्ही घरचं," देवकू म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. मागून एका काठाने म्हटलं, दोन्ही घरचं. दुसऱ्या काठाने म्हटलं, दोन्ही घरचं. जत्रेच्या दिवशी न विचारलेल्या एकेका नाण्याला त्याचं घर कळलं, आणि सोनबाच्या अंगातून ती निघून जाऊ लागली. खांदे सुटले, कोपर सुटले, मनगटं सुटली. शेवटी बोटं हलली. आठ दिवस नाक खाजत होतं, ते त्याने आधी मनसोक्त खाजवलं.

मग त्याने दोन्ही हात भिवरापुढे धरले. गरम, राबलेले, माणसाचे हात. भिवराने ते आपल्या हातांत घेतले आणि कपाळाला लावले.

"बरं केलंत," ती म्हणाली, "तुम्ही नदी ओलांडून आलात."

डोंगरातल्या लेकीचं हे बोलणं ऐकून सोनबा लाजला. तेवढ्यात तिने विचारलं, "हे हात कोणाच्या घरचे?"

"दोन्ही घरचे," तो म्हणाला.

तेव्हापासून त्या पुलावर नाणं वटवायला वेळ लागतो. ऊन असो, गर्दी असो, मासळी असो, कोणी कुरकुरत नाही. होडी सुलटी करून ठेवली आहे, आणि नाणवटीण आता तिच्यात बसते. कंबरही दुखत नाही म्हणे.