ढिगाऱ्यात नव्हतं ते

"टाकी आमची!" सरकार ओरडले.

"गळकी होती!" हौसा लोहारीण तेवढ्याच जोरात ओरडली.

"इंजिन आमचं!"

"मेलेलं होतं!"

"मेलेलं असलं तरी आमच्याच घरचं मढं! कारभारी, गाडी वाड्यावर न्या!"

हौसा मोटारसायकलीला आडवी झाली. दोन वर्षं तिनं अंगणात, भात्याशेजारी, ही गाडी जुळवली होती. वाड्यामागचा भंगाराचा ढिगारा "नालांना घे" म्हणून कारभाऱ्यांनीच तिच्या दारात ओतला होता. त्यातलं खोगीर झालं बसायला, बग्गीचा दांडा झाला हँडल, आंघोळीच्या बंबाचा पत्रा झाला मडगार्ड. आणि गाडी उभी राहिल्यावर आता सरकारांना मायेचा पान्हा फुटला!

"हौसे, आम्ही अन्यायी नाही," सरकार मिशीला पीळ देत म्हणाले. "आमच्या ढिगाऱ्यातली नाही अशी एक, फक्त एक गोष्ट या गाडीत दाखव. गाडी तुझी! नाहीतर आमची."

हौसानं गाडीवरून नजर फिरवली. सांधे जोडायला वितळवलेलं पितळसुद्धा वाड्याच्या फुटक्या तपेल्याचं होतं! पण तिनं पदर खोचला.

"दाखवते. आधी तुम्ही गाडी चालू करा. बारा वर्षं याच इंजिनावर मिरवलात ना?"

"बारा नव्हे, चौदा!" म्हणत सरकार खोगिरावर चढले.

गोम तिथंच होती. चौदा वर्षं किक मारायचा तो घोड्यांची निगा राखणारा बाबालाल मोतद्दार. गाडी गुरगुरायला लागली की मग सरकार टांग टाकायचे! घोड्याला खोगीर कोण घालतं हे ज्यानं कधी वळून पाहिलं नाही, तो किक काय मारणार, कपाळ? पहिल्या किकेला गाडी नुसती शिंकली. दुसरीला तेही नाही. तिसरीला किक उलटली आणि नडगीवर अशी बसली की फेटा नाकावर!

"बाबालाऽऽल!" सरकार कळवळले.

"का? इंजिन बाबालालचं आहे का?" हौसानं विचारलं.

सरकार लंगडत उतरले. हौसानं कार्ब्युरेटरची घुंडी दाबली, पेट्रोलचा थेंब ओघळू दिला, किक हळूच दाबून नेमकी जागा हेरली, आणि एकच लाथ!

धडधडधडधड! कावळे उडाले, सरकारांच्या बग्गीचे घोडे बिथरले, कारभाऱ्यांनी कानात बोटं घातली. त्या गदारोळात हौसा सरकारांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली.

सरकार आधी लाल झाले. मग मिशी हलली. मग पोट हललं. मग नडगी धरून ते असे हसत सुटले की डोळ्यांतून पाणी!

"गाडी हिची! कारभारी, तबेल्यातली ती बंद मोटारसुद्धा आणून टाका हिच्या अंगणात! आणि हौसे, उद्यापासून मला किक शिकव!"

सरकारांची बग्गी वळली तरी कारभाऱ्यांचा पाय निघेना. "अगं बये, बोललीस तरी काय?"

हौसानं इंजिन बंद केलं, पदरानं टाकी पुसली आणि म्हणाली, "एवढंच म्हटलं, 'सरकार, हा आवाज तुमच्या ढिगाऱ्यात कुठल्या कोपऱ्यात पडला होता, तेवढं दाखवा!'"