नांदरखेड्याच्या मठातला जास्तीचा खांब

फार वर्षांपूर्वी, नांदरखेड्यात घरांपेक्षा बाभळी जास्त होत्या तेव्हाची ही गोष्ट. गावाबाहेर काळ्या दगडाचा एक मठ होता. गोसाव्यांनी तो चुन्याशिवाय बांधला होता. दगडाला खाच, खाचेत दुसऱ्या दगडाची पुढं आलेली कूस, आणि सगळा भार एकमेकांच्या खांद्यावर. पुढे गोसावी निघून गेले. कुठे गेले, कुणाला ठाऊक नाही. रिकामी वास्तू गावाच्या हाती लागली आणि सटवाजी पाथरवटाच्या डोक्याला ताप झाला.

आधी कुणा सरदाराची घोडी तिथं बांधली. घोड्यांना उंबरे नडले, म्हणून उंबरे फोडले. सटवाजीनं ते पुन्हा घडवले. मग तेल्यानं घाणा मांडला आणि बैल फिरायला भिंत आड येते म्हणाला. जो येई तो म्हणे, "सटवाजी, एवढा एकच दगड काढ."

सटवाजी कपाळाला हात लावी. "अरे, याला उठवलं की याच्या जिवावर बसलेले आठ उठतात. किती वेळा सांगू?"

लोक मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. असं म्हणतात की दगडाला समजावून सटवाजी कधी थकला नाही, माणसांना समजावून थकला.

मग एक वर्ष पाऊस आलाच नाही. चार गावांचं उरलंसुरलं धान्य मठात ठेवायचं ठरलं. अर्धी पोती आत गेली, पण गाड्या आतपर्यंत जाईनात. मधला खांब आडवा येत होता. बहिर्जी पाटील म्हणाले, "खांब काढा."

सटवाजीनं सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. शेवटी टिकाव टाकून घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "आता मठ पडला तरी मला हाक मारू नको."

तो भाकरीला बसला, तोच पहारीचा आवाज आला. हातातला घास ताटात टाकून तो धावला.

पोचेपर्यंत खांब कोसळला होता. वरच्या दगडी तुळईला तडा गेला होता. आत चाळीस माणसं आणि चार गावांचं अन्न. सटवाजीनं तुळईखाली खांदा लावला.

माणसं बाहेर पळाली. आणि थोड्या वेळानं, मान खाली घालून, पोत्यांसाठी परत आली.

"न्या," सटवाजी म्हणाला. "सावकाश न्या. मी रिकामाच उभा आहे."

असं म्हणतात की तीन दिवस पोती निघत होती आणि तीन दिवस सटवाजी बोलत होता. घोडी, घाणा, उंबरे, पाटलांची अक्कल, त्यानं काही सोडलं नाही. कुणी उलटून बोललं नाही. त्याचा आवाज येतोय तोवर छप्पर आहे, एवढं आता सगळ्यांना कळलं होतं.

शेवटचं पोतं निघालं. पाटील स्वतः आत आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हात जोडले. "बाबा, आता बाहेर या."

"आधी खांब आणा," सटवाजी म्हणाला. "आणि सरळ बघून आणा."

त्याच्या भाऊबंदांनी खांब घडवला, आणून उभा केला. तुळई त्यावर टेकली तशी धूळ उडाली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मठ गप्प झाला. धूळ बसली तेव्हा तिथं दोन खांब होते. एक नवा, आणि त्याला खेटून दुसरा, जरासा वाकलेला, कुणीच न घडवलेला. सटवाजी पुन्हा कुणाला दिसला नाही. त्या साली चार गावांत भुकेनं एकही माणूस गेलं नाही.

आज त्या मठात शाळा भरते. नांदरखेड्यात कुणाला स्वतःच्या घराची भिंत जरी पाडायची असली, तरी तो आधी त्या वाकड्या खांबापुढं उभा राहतो, काय पाडायचं आणि कशासाठी ते मोठ्यानं सांगतो आणि थोडा वेळ थांबतो. असं म्हणतात की गावातली निम्मी तोडफोड तिथंच रद्द होते. गेल्या उन्हाळ्यात शाळेला पंखे आले. मास्तर बाहेरगावचे, पण तेही चपला काढून खांबापुढं गेले.

"बाबा, भोक पाडत नाही," ते म्हणाले. "पंखे टेबलावर ठेवतो."