तुटलेल्या दोरांची हकीकत

फार पूर्वी एका उंचावरच्या राज्यात ढग घराच्या एका दारातून आत येत आणि दुसऱ्या दारातून निघून जात. त्या राज्यात एक दोरखाना होता. तो कुणा सावकाराचा नव्हता, राजाचा होता. म्हणजे खरं तर सगळ्या रयतेचाच. विहिरीच्या पोहऱ्याला, गाईच्या दाव्याला, बाळाच्या पाळण्याला तिथलाच दोर लागे. नदीवर पूल नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत जाडजूड दोरखंड ताणलेला असे, आणि तो ओढत ओढत नावाडी नाव पलीकडे नेई. तो दोरखंडही तिथलाच.

दोरखान्याचा कारभारी होता धाकोजी. सारा जन्म दोर वळण्यात गेल्यामुळे त्याच्या तळहातांना अंबाडीचा वास कायमचा लागला होता.

दरवर्षी सावरीचा कापूस हवेत तरंगू लागला, की दरबार भरे. एकेका राजकारखान्याचा कारभारी उभा राही आणि वर्षभराच्या कामाची हकीकत वाची. धाकोजीला राजा एकच विचारी, की यंदा दोर किती लांब झाला. एका वर्षी लांबी थोडी कमी भरली, तेव्हा राजा दुसरीकडे पाहू लागला. ते धाकोजीच्या मनाला फार लागलं.

पुढच्या वर्षी त्याने चार पेडांच्या दोरातला एक पेड काढला. तेवढ्याच अंबाडीत दोर लांबला, आणि वरून पाहणाऱ्याला काही कळलं नाही. राजाने त्याला शेला दिला. मग उरलेले पेडही तो बारीक करत गेला, दरवर्षी दोर लांबत गेला आणि दरवर्षी शेला मिळत गेला. पाचव्या वर्षी त्याने वाचलं, की दोरखान्याचा दोर राज्याला सात वेढे घालूनही उरेल. सगळा दरबार डोलला. धाकोजीही डोलला. पण घरच्या विहिरीचं पाणी शेंदायला तो आताशा जात नसे.

सहाव्या वर्षी हकीकतीला आठ दिवस उरले असताना धाकोजी अंबाडी पाहायला पैलतीरी निघाला. सकाळचं धुकं इतकं दाट होतं, की नावेतली माणसं एकमेकांना सावल्यांसारखी दिसत होती. नाव मधोमध आली आणि दोरखंड तुटला. मोठा आवाज झाला नाही. नावाड्याच्या हातात नुसतं टोक राहिलं.

नाव धारेला लागली. खाली कुठेतरी धबधबा घुमत होता. नावाडी बांबूने तळ चाचपडत होता, पण नाव पाण्यावर आहे की ढगात, हेच कळत नव्हतं. नावेत एक कुंभार होता आणि एक म्हातारी सुईण होती. धाकोजीला दोघांनीही ओळखलं नाही. कुंभार सांगू लागला, की यंदा त्याचे तीन पोहरे विहिरीत गेले. सुईण म्हणाली, की ती प्रत्येक घरात पाळणा दुहेरी दोराने बांधायला लावते. पलीकडच्या गावात एक बाई अडली होती, तिच्याकडेच ती निघाली होती.

धाकोजीने खाली मान घालून विचारलं, "मग हे दरबारात का नाही सांगितलंत?"

"आम्हाला कोण विचारतंय, बाबा?" सुईण म्हणाली. "तिथे दोर किती वळले ते वाचतात. किती तुटले ते कोण वाचतं?"

दुपारी नाव एका बेटाच्या लव्हाळ्यात अडकली. बेटापासून पलीकडच्या काठापर्यंत कमरेएवढं पाणी होतं. सगळे चालत बाहेर आले. धाकोजी सुईणीचं गाठोडं डोक्यावर घेऊन तिच्या मागोमाग त्या गावापर्यंत गेला. बाई वाचली होती. बाळ वाचलं नव्हतं. सुईणीने हात धुतले आणि ती त्या बाईच्या उशाशी जाऊन बसली.

धाकोजी घरी गेलाच नाही. उरलेले दिवस तो गावोगाव फिरला, विहिरींच्या काठांवर आणि गोठ्यांत बसला, आणि लोकांनी जे सांगितलं ते लिहीत गेला.

दरबाराच्या दिवशी प्रधानाने तो कागद आधीच पाहिला. त्याने धाकोजीला बाजूला घेऊन समजावलं, की आज नेहमीसारखी लांबी वाच आणि दोर गुपचूप सुधार. हे वाचलंस तर तू जाशीलच, पण रयतेचा सगळ्याच राजकारखान्यांवरचा भरवसा तुटेल.

"भरवसा केव्हाच तुटलाय, प्रधानजी," धाकोजी म्हणाला. "त्याची हकीकत वाचायची तेवढी राहिलीय."

तो उभा राहिला. त्या वर्षी किती पोहरे बुडाले, किती गुरं दावं तोडून कड्यावरून गेली, नाव किती वेळा वाहून गेली, सगळं त्याने वाचलं. शेवटच्या ओळीला त्याने कागद खाली ठेवला. "एक बाळ," तो म्हणाला. "त्याचं नाव ठेवायचं राहिलं."

राजाने विचारलं, की हे झालं कसं.

"महाराज, आपण लांबी विचारत होता, मी लांबी वाढवत गेलो. पण पेड माझ्या हातांनी काढला. दोष माझा आहे."

कापसाच्या म्हाताऱ्या दरबारभर तरंगत होत्या आणि कुणी त्या झटकत नव्हतं. मग राजाने धाकोजीचे सगळे शेले परत घेतले, कारभार काढून घेतला आणि त्याला पुन्हा दोर वळायला बसवलं. पण तो एवढ्यावर थांबला नाही. चूक आपल्या प्रश्नातही होती, असं त्याने भर दरबारात कबूल केलं. यापुढे दोरखान्याची हकीकत नदीकाठी वाचली जाईल, दोर वापरणारी माणसं पुढे बसतील, आणि आधी तीच विचारतील, राजा त्यांच्यानंतर.

पुढची तीन वर्षं धाकोजीने मान वर न करता चार पेडांचा दोर वळला. लांबी निम्म्यावर आली. नवा कारभारी थकला, तेव्हा राजाने रयतेलाच विचारलं, की आता कोण हवं. लोकांनी धाकोजीचं नाव घेतलं. काहींना ते पटलं नाही, आणि तेही त्यांनी तिथेच बोलून दाखवलं.

त्या वर्षी नदीकाठी धाकोजीने वाचलं, की अकरा दोर तुटले. कुठे आणि कशामुळे, तेही वाचलं. पुढे बसलेल्या एका वृद्ध कोळ्याने विचारलं, "पुढच्या साली एकही तुटणार नाही, असं वचन देतोस?"

हो म्हणणं सोपं होतं. सगळा काठ त्याच्या तोंडाकडे पाहत होता.

"वचन नाही देत, आजोबा. पण जेवढे तुटतील तेवढे इथेच, तुमच्यासमोर सांगेन."

म्हाताऱ्याने धाकोजीकडे नीट निरखून पाहिलं, मग काठी टेकत उठला, नावेत जाऊन बसला आणि नावाड्याला म्हणाला, "चल, ने पलीकडे."

तात्पर्य: जे सगळ्यांच्या मालकीचं, त्याच्या कामाचा जाब सगळ्यांसमोर द्यावा, आणि आपण किती केलं हे सांगण्याआधी, ते लोकांच्या किती कामी आलं हे सांगावं.