पिछाडीचा सरदार

पुष्कळ वर्षे झाली या गोष्टीला. डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात दोन सख्खे भाऊ होते. दोघेही राजाच्या पागेत घोड्यांना चंदी घालत. एकदा बिथरलेला घोडा थोरल्याने नुसत्या हाका मारून शांत केला. राजाने ते पाहिले आणि त्याला स्वार केले. स्वाराचा तो नाईक झाला, नाइकाचा सरदार, आणि केस पिकेपर्यंत साऱ्या फौजेचा सेनापती.

प्रत्येक पायरीवर त्याने धाकट्याला हात देऊन वर घेतले. धाकट्याला तो हात कधी दिसला नाही. दिसला तो थोरल्याचा जरीचा मंदिल. दादाला हत्ती मिळाला तेव्हा धाकटा दोन दिवस जेवला नाही. बाजारात कुणी "सेनापतींचे भाऊ आले" म्हटले की त्याच्या अंगाची लाही लाही होई. आईबापांनी मलाही नाव ठेवले होते, असे तो बायकोला ऐकवी.

सर्वांत जास्त सले ती पिछाडी. प्रत्येक लढाईत थोरला त्याला तीच सांभाळायला देई. पुढे तलवारी चमकत आणि धाकटा पाचशे स्वार घेऊन टेकडीमागे ताटकळे. एकदा सर्वांसमोर तो बोललाच.

"दादा, पोवाडे तुझे आणि धूळ माझी. किती वर्षं खायची ती?"

"खा रे," थोरला हसून म्हणाला. "धुळीनं कुणी मेलेलं मी अजून पाहिलं नाही."

सरदार खो खो हसले. ते हसू धाकट्याच्या मनात काट्यासारखे रुतून बसले.

पुढे शत्रू नदी उतरून आला. सेनापती काठावरच त्याला भिडला. तुतारी दोनदा वाजली की पिछाडीने डावीकडून तुटून पडायचे, असा हुकूम होता.

तुतारी दोनदा वाजली.

धाकट्याने रिकिबीत पाय घातला आणि काढून घेतला. घटकाभर थांबू, त्याच्या मनात आले. दादाची जरा फजिती होऊ दे. मग मी जाऊन त्याला सोडवीन, आणि आजचा पोवाडा माझा होईल.

"खोगिराचा तंग सैल झालाय," तो शेजारच्या म्हाताऱ्या जमादाराला म्हणाला. त्याने तंग सोडला, सावकाश आवळला, पुन्हा सोडला. जमादार बघत राहिला. खाली तुतारी आणखी एकदा वाजली आणि अर्ध्यावरच थांबली.

तेव्हा कुठे तो धावला. त्याचे ताज्या दमाचे स्वार पाहून शत्रू हटला. लढाई जिंकली, पण थोरला वाळूत पडला होता, डोळे उघडे ठेवून. धाकट्याने त्याचे डोके मांडीवर घेतले. दादा, मी आलो, दादा, ऊठ, असे तो म्हणत राहिला. किती वेळ म्हणत राहिला, त्याचे त्यालाच कळले नाही.

जखमी तुतारीवाला जवळच बसला होता. माघारीची वाट शेवटपर्यंत मोकळी होती, सरदारांनी हात जोडून विनवले होते, असे त्याने सांगितले.

"मग दादा का फिरला नाही?"

"म्हणाले, पाठीशी माझा भाऊ आहे. दुसऱ्या कुणाला मी पिछाडी दिली असती का? तो येतोच आहे."

राजाने धाकट्याला सेनापती केले. शाहिरांनी पोवाडाही त्याचाच रचला. तो पहिल्या मोहिमेला निघाला. आघाडी एकाला दिली, दोन्ही बगला दोघांना दिल्या. पिछाडी कुणाला द्यावी, तेवढे ठरेना. एकेका सरदाराचे तोंड त्याने न्याहाळले आणि प्रत्येकात त्याला स्वतःचेच तोंड दिसले. शेवटी पिछाडी ठेवलीच नाही. भर लढाईत तो सारखा मान वळवून मागे बघत होता. मागे मोकळे माळरान होते. समोरून आलेला भाला त्याला दिसला नाही.

आपल्याच माणसाचा मत्सर करणाऱ्याला मोठेपण मिळाले, तरी त्याच्या पाठीशी कुणी उरत नाही.