पांढऱ्या गाडीचं कौतुक

"गाडीला एक शब्दही वाईट बोलायचा नाही आणि भाव मात्र उतरवून दाखवायचा! जमलं, तर तू म्हणशील त्या पैशात गाडी तुझी. नाही जमलं, तर सव्वा लाख मुकाट मोजायचे!"

विट्याच्या आबासाहेब डुबुल्यांनी वैजयंताला ही अट घातली, आणि तिच्या नवऱ्याला, भारतला, घाम फुटला. आबासाहेब विकायचे जुन्या मोटारी, पण थाट असा की जणू जहागिरी वाटताहेत! भाव कमी करा म्हटलं की त्यांचा अपमान व्हायचा. दिवसातून वीसेक वेळा होत असे.

"चल घरी," भारत कुजबुजला. "हरलीस तर तुझ्या बांगड्या मोडाव्या लागतील."

"आणि घरी जायचं कसं? मोटारसायकलवरच ना?" वैजयंता म्हणाली. "एक पोरगं टाकीवर, एक आपल्या दोघांच्या मध्ये. दोन महिन्यांनी येणाऱ्याला काय हँडलवर बसवणार?"

वैजयंतानं पदर खोचला आणि आबासाहेबांना म्हणाली, "अट कबूल!"

बारा वर्षं ती एसटीत कंडक्टरकी करत होती. तिचा आवाज मागच्या सीटवर झोपलेल्या माणसालाही उठवायचा. रविवार होता, आवारात गिऱ्हाइकांची गर्दी होती. तिनं पांढऱ्या गाडीत बसून किल्ली फिरवली. गाडी ढिम्म!

"अगंबाई, किती शांत स्वभावाची गाडी!" ती कडाडली. "किल्ली पिळली तरी उलट बोलत नाही. सासरी असं एक तरी माणूस हवं होतं!"

दहा-बारा माना वळल्या. चौथ्या खेपेला गाडी खोकत सुरू झाली आणि आवार धुरानं भरलं.

"आणि मन केवढं मोठं! गावातले डास फुकट मारते! नगरपालिकेनं सत्कार करावा असं काम आहे."

आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. वैजयंतानं पायाखालची चटई उचलली. पत्र्याला ताटलीएवढं भोक!

"बघा, बघा! बसल्या जागी खालचा रस्ता दिसतो. रस्ता चुकायची भीतीच नाही!"

उतरायला गेली, तर दाराची मूठ हातात आली. तिनं ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "दार इतकं मायाळू, की मूठ देऊन टाकेल, पण पोरांना सोडणार नाही!"

लोक आता गोल करून उभे होते. तिनं खिडकीच्या कडेला नखानं खरवडलं. पांढऱ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली तांबडा. "एका गाडीच्या पैशात तीन गाड्या! असा दानशूर माणूस जिल्ह्यात नाही!"

"पोरी, पुरे झालं," आबासाहेब हलकेच म्हणाले.

"थांबा हो, मुख्य गुण राहिलाच! पंधरा वर्षांत मीटरवर फक्त नऊ हजार किलोमीटर! मालकानं हिला देव्हाऱ्यातच ठेवली असणार. पण ब्रेकचं पेडल बघा, झिजून आरसा झालंय. एवढे भक्त पाया पडून गेले!"

हशा उसळला. शेजारची लाल गाडी घ्यायला आलेला एक मास्तर खिशातली नोटांची जुडी परत आत ठेवून तिची चटई उचलू लागला. ते बघून आबासाहेबांचा चेहरा उतरला.

"अगं बस कर, माझे आई!"

"का? वाईट बोलले का मी एक तरी शब्द?"

"नाही..."

"खोटं बोलले का?"

आबासाहेबांनी मूठ, भोक आणि धूर यांच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "तेही नाही."

"मग डिकीचं कौतुक करते. ते झालं, की लाल गाडीचं. मग ती करडी, मग पलीकडची ओळ. मला आज सुट्टी आहे, आबासाहेब!"

आबासाहेबांनी आवारातल्या आपल्या बावीस गाड्यांवरून नजर फिरवली आणि एकदम खो-खो हसत सुटले. हसता हसता खाली बसले.

"बोल, किती देतेस?"

"ऐंशी हजार!"

"दिली! भोक बुजवून देतो, दार दुरुस्त करून देतो. ब्रेक आणि बॅटरी नवी, माझ्याकडून तुझ्या बाळाला! पण माझं एक काम करशील? समोरच्या जगदाळ्याच्या दुकानात जाऊन त्याच्याही गाड्यांचं असंच तोंडभरून कौतुक कर!"

"करते की!" वैजयंता म्हणाली. "पण तिथंवर जायला पेट्रोल तुमचं!"

"टाकी फुल्ल भरा रे हिची!" आबासाहेब डोळे पुसत ओरडले.