टॉवरमधलं फराळाचं ताट

पेठेतल्या पहिल्या चौदा मजली टॉवरचे सगळे फ्लॅट विकले गेले आणि बिल्डर भाऊसाहेब कोंडेकरांना दुसऱ्या टॉवरचे डोहाळे लागले. त्यासाठी शेजारची भाजी मंडई पाडायची होती. ऐन दिवाळीत त्यांनी टॉवरच्या तळमजल्यावर पेठेतल्या दुकानदारांची सभा भरवली.

"घरांसाठी लोकांची झुंबड उडालीय! पेठेला दुसरा टॉवर हवाच! तुमचं गिऱ्हाईक दुप्पट होईल!" भाऊसाहेब म्हणाले.

नवव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या अंबूताई तेरदाळे फराळाचं ताट घेऊन उठल्या. दिवसभरात त्यांच्याशी बोलायचे ते मंडईतले भाजीवालेच.

"भाऊसाहेब, माझे गुडघे दुखतात. एवढं माझ्या शेजाऱ्यांना देऊन या. मजला कुठलाही चालेल. कुणी घेतलं, तर मंडईवर पहिली कुदळ मी मारते."

"एवढंच ना?" म्हणत भाऊसाहेब लिफ्टमध्ये शिरले.

बऱ्याच वेळानं ते घामाघूम होऊन उतरले. ताटातली करंजीसुद्धा हलली नव्हती. भाव वाढायची वाट बघत लोकांनी फ्लॅट घेऊन नुसते कुलुपात ठेवले होते.

दुकानदार एकेक करून उठून गेले.

"बसा," अंबूताई म्हणाल्या, "चकली घ्या. यंदा माझ्या हातचं खाणारे तुम्ही पहिलेच."